सतराव्या शतकातला अमेरिकी पूर्वज: कागद चाळावेत की डीएनए तपासावा?

१६३० च्या दशकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या पूर्वजापर्यंत पोचायचं, तर मध्ये दहा-बारा पिढ्या येतात. डीएनए चाचणी सोपी: नळीत थुंकायचं, पाकीट धाडायचं. पण नेहमीच्या ऑटोसोमल चाचणीचा (आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए तपासणाऱ्या) जोर पाच-सहा पिढ्यांनंतर ओसरतो. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात आणि त्यांतल्या कित्येकांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. वाय-डीएनए मात्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा उतरतो, आडनावासारखाच. एका आडनावाची दोन घराणी एकाच मुळाची आहेत का, हे तो सांगेल. मूळ पुरुषाचं नाव नाही सांगणार.

नाव सांगतात कागद. मॅसॅच्युसेट्सने १६३९ मध्येच जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा हुकूम काढला. सगळ्यात रसाळ मृत्युपत्रं: गाय कोणाला, बिछाना कोणाला, आणि जावयाच्या नावावरून लग्न झालेल्या लेकीचा माग. जनगणनेवर भिस्त नको. पहिली १७९० ची, आणि १८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं.

व्हर्जिनियात कागदांचं दैव फुटकं. काही काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी) दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली आणि १८६५ च्या आगीत तीच जळाली. तिथे १७८२ पासूनच्या करयाद्या आणि वाय-डीएनए यांची जोडीच बरी. न्यू इंग्लंडसाठी, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागासाठी, मी आधी कागदच उघडेन. फक्त ‘ज्युनियर’ वाचून मुलगा समजू नका. त्या काळी गावातल्या त्याच नावाच्या धाकट्या माणसालाही, नातं नसलं तरी, ज्युनियरच म्हणत.