भास्कराचार्यांचे बीजगणित जुन्या इंग्रजीतून : स्ट्रेची की कोलब्रुक?

भास्कराचार्यांचे बीजगणित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी अनुवादातून वाचावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे प्रत्यक्षात दोनच वाटा आहेत. एक, एडवर्ड स्ट्रेची यांचे १८१३ साली लंडनला छापलेले पुस्तक. दुसरे, हेन्री थॉमस कोलब्रुक यांचे १८१७ साली जॉन मरे यांनी प्रकाशित केलेले पुस्तक. शाळेत गणित शिकवण्याची नोकरी संपल्यावर मीही याच निवडीपाशी अडलो होतो. संस्कृत मला अडखळत वाचता येते, त्यामुळे मूळ संहिता शेजारी ठेवून अनुवादाच्या आधाराने पुढे सरकावे असा माझा बेत होता, आणि दोहोंपैकी एकाचीच चांगली प्रत घेणे मला परवडणारे होते. पुढे जे लिहीत आहे ते या मर्यादित अनुभवातून आलेले आहे. संस्कृतावर ज्यांचे प्रभुत्व आहे, त्यांचे मत कदाचित वेगळे होईल.

जॉन टेलर यांनी अनुवादलेल्या लीलावतीबद्दल, म्हणजे भास्कराचार्यांच्या अंकगणितावरच्या ग्रंथाबद्दल, आधी थोडे सांगतो, कारण मुंबईकर मित्र हटकून तिचीच आठवण करून देतात. टेलर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. त्यांनी लीलावतीचा अनुवाद थेट संस्कृतातून केला आणि तो १८१६ साली मुंबईतच, कुरिअर छापखान्यात छापला गेला. त्या काळच्या हिंदू शाळांमध्ये अंकगणित कसे शिकवीत, याचा एक छोटा वृत्तान्त त्यांनी पुस्तकाला जोडला आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या तोंडून पावकी, निमकी, पाऊणकी ऐकू येत असे, त्यांना तेवढ्यासाठीसुद्धा हे पुस्तक जवळचे वाटेल. परंतु त्यात केवळ लीलावती आहे, बीजगणित नाही. मला हवे होते ते बीजगणित, म्हणून टेलर माझ्या निवडीतून लवकर बाजूला झाले. याहून अधिक वजनाचे कारण माझ्यापाशी नव्हते.

आता स्ट्रेची. या गृहस्थांचा आपल्याकडे संबंध आहे. १८०१ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कलकत्त्याहून पुण्याच्या वकिलातीकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांच्या सोबतीला हेच स्ट्रेची होते. बीजगणिताचा अनुवाद त्यांनी संस्कृतावरून केलेला नाही. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रश्दी यांनी बीजगणित फारसीत आणले होते. स्ट्रेची यांचा आधार तो फारसी ग्रंथ होय. अताउल्ला हे ताजमहालाचे स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. म्हणजे सह्याद्रीच्या परिसरात ११५० साली पूर्ण झालेला ग्रंथ आधी मुघल दरबाराच्या भाषेत गेला आणि पावणेदोनशे वर्षांनी तेथून इंग्रजीत आला. या प्रवासाचे मला आजही अप्रूप वाटते. फारसीतील गणिताची परंपरा ज्यांना अभ्यासायची आहे, त्यांनी स्ट्रेची यांचेच पुस्तक घ्यावे. त्यांच्यासाठी पुढचा मजकूर गैरलागू आहे.

स्ट्रेची यांचे इंग्रजी सुबोध आहे आणि पुस्तक आटोपशीर आहे. ग्रंथाचा काही भाग त्यांनी जवळजवळ शब्दशः दिला आहे आणि काही भागाचा गोषवारा दिला आहे. ही गोष्ट त्यांनी लपवलेली नाही. शेवटी सॅम्युएल डेव्हिस यांच्या टिपा जोडल्या आहेत. डेव्हिस यांनी सूर्यसिद्धान्ताचा अभ्यास करून १७९० च्या सुमारास भारतीय ज्योतिषावर, म्हणजे खगोलगणितावर, लिहिले होते आणि त्यांच्या या टिपा संस्कृत बीजगणितावरून केलेल्या आहेत. मला विचाराल तर स्ट्रेची यांच्या पुस्तकातील सर्वांत मोलाची पाने हीच.

असे असूनही मी ते पुस्तक बाजूला का ठेवले, त्याचे कारण एकच आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. आमच्या वाचनमंडळात बीजगणितावर चार शब्द बोलण्याचे मी कबूल केले होते. तयारी करताना समीकरणाच्या प्रकरणातील एक स्पष्टीकरण मला फार आवडले, आणि ते मी भास्कराचार्यांचे म्हणून वहीत उतरवून घेतले. बोलण्याच्या आदल्या आठवड्यात, संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ बाईंना ती वही दाखवली. त्यांनी शांतपणे विचारले, "हे मुळात कोणत्या श्लोकाखाली आहे?" मी तीन संध्याकाळी संहिता धुंडाळली. श्लोक पाहिले, श्लोकांखालचे भास्कराचार्यांचे स्वतःचे गद्य पाहिले. ते वाक्य कोठेही सापडले नाही. चूक माझीच होती, कारण मधल्या दोन पायऱ्यांचा मी विचारच केला नव्हता. फारसी भाषांतरकाराने टीकेतले, म्हणजे मूळ ग्रंथावरच्या भाष्यातले, विवेचन आणि स्वतःची भर मूळ मजकुरातच मिसळलेली असते, आणि ती मिसळण इंग्रजीत तशीच उतरते. त्यानंतर प्रत्येक परिच्छेदापाशी मी थांबू लागलो : हे वाक्य भास्कराचार्यांचे, टीकाकाराचे, अताउल्लांचे की स्ट्रेची यांचे? निव्वळ गणित समजून घ्यायचे असेल तर हा प्रश्न कदाचित महत्त्वाचा वाटणार नाही, कारण उत्तर कोणीही लिहिले तरी तेच येते. परंतु बाराव्या शतकातील एका माणसाने नेमका कसा विचार केला हे ज्याला पाहायचे आहे, त्याच्या वाचनाचा ओघ या एका शंकेने पुनःपुन्हा तुटतो. माझा तरी तुटला.

कोलब्रुक यांच्या पुस्तकात ही शंका मला क्वचितच आली. त्यांनी संस्कृतावरून थेट अनुवाद केला आहे. सूत्र कोणते, उदाहरण कोणते, हे पानावर वेगळे दिसते. परिच्छेदांना ओळीने क्रमांक आहेत, त्यामुळे संहितेतील जागा शोधणे सोपे जाते. आणि टीकाकारांचे म्हणणे तळटीपेत, त्यांच्या त्यांच्या नावावर दिलेले आहे. काही पानांवर या तळटीपा इतक्या वाढतात की वर अनुवादाच्या जेमतेम चार-सहा ओळी उरतात. सुरुवातीला मला याचा त्रास झाला, हे मान्य केले पाहिजे. पुढे मात्र मी तळटीपांसाठीच पाने उलटू लागलो, कारण तेथे भेटणारे पंडित बरेचसे आपल्याच मुलखातले आहेत. लीलावतीवर १५४५ साली बुद्धिविलासिनी ही टीका लिहिणारे आणि ग्रहलाघवामुळे पंचांगकर्त्यांच्या घरोघरी पोचलेले गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे. लीलावती आणि बीजगणित या दोहोंवर टीका लिहिणारे सूर्यदास गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आजच्या पाथरीचे. बीजगणितावरचे कृष्ण दैवज्ञही मूळच्या वैदर्भीय घराण्यातले. एखाद्या सूत्राची उपपत्ती यांपैकी कोणी कशी लावली, हे कोलब्रुक तळटीपेत नाव घेऊन सांगतात. माझ्या वहीतल्या त्या वाक्यासारखा घोटाळा येथे सहसा होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट लेखनपद्धतीची. बीजगणितात दोन व्यापाऱ्यांचे एक साधे उदाहरण आहे. एकाजवळ ३०० रूपे (रूप म्हणजे ज्ञात संख्येचे एकक) आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तितक्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रूपांचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? आज आपण क्ष धरून पटकन १०० हे उत्तर काढतो. भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात, तिचे आद्याक्षर "या" घेतात, ज्ञात संख्येपुढे रूपाचा "रू" लिहितात आणि दोन बाजू एकाखाली एक मांडतात : वर या ६ रू ३००, खाली या १० रू १००, यातल्या खालच्या १०० च्या डोक्यावर एक टिंब असते. ते टिंब म्हणजे ऋण. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या की कालक, नीलक, पीतक असे रंग येतात. कोलब्रुक यांनी ही मांडणी रोमन अक्षरांत, टिंबासकट, जशीच्या तशी ठेवली आहे. स्ट्रेची यांच्या मुख्य मजकुरात मला ती भेटली नाही. डेव्हिस यांच्या टिपांपर्यंत पोचल्यावरच तिची ओळख झाली. चाळीस मुलांच्या वर्गात क्ष आणि य फळ्यावर लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याला पानावर "या" आणि "का" यांची ती मांडणी पाहून काय वाटते, हे मी येथे पुरेसे सांगू शकत नाही.

कोलब्रुक यांच्या पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. बीज हा शब्द ते इंग्रजी व्ही अक्षराने लिहितात, भास्कर आणि कुट्टक यांतला "क" सी अक्षराने लिहितात, आणि भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती ब्रह्मगुप्त यांचे ब्रह्मेगुप्त करतात. सूचीत शब्द शोधताना याची सवय व्हायला वेळ लागतो. कुट्टकाला (समीकरणाची पूर्णांकी उत्तरे काढण्याची रीत) पल्व्हरायझर आणि वर्गप्रकृतीला (वर्गाला एका संख्येने गुणून त्यात भर घातल्यावर पुन्हा वर्ग यावा, असा समीकरणाचा प्रकार) अफेक्टेड स्क्वेअर ही त्यांची नावे आजच्या कानाला खटकतात. मी समासात पेन्सिलीने मूळ संज्ञा लिहून ठेवल्या. आरंभीचा ऐंशीहून अधिक पानांचा प्रबंध, ज्यात ग्रीक आणि अरबी बीजगणिताशी तुलना आहे, तो पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. पण त्याच एका जिल्दीत लीलावती, बीजगणित आणि ब्रह्मगुप्ताचे गणित व कुट्टक हे दोन अध्यायही आहेत. वर्गप्रकृती सोडवण्याच्या चक्रवाल पद्धतीचे प्रकरण वाचताना याचा विशेष उपयोग होतो. वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवल्यावर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, या भास्कराचार्यांच्या उदाहरणाचे उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ असे येते. फर्माने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांपुढे हाच ६१ ठेवला होता. या उत्तरापर्यंत नेणारी भावना, म्हणजे दोन उत्तरांपासून नवे उत्तर घडवण्याची रीत, मुळात ब्रह्मगुप्ताची, आणि ती त्याच पुस्तकाची पुढची पाने उलटून तेथल्या तेथे पाहता येते.

मूळ १८१७ ची प्रत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, त्यामुळे व्यवहारात प्रश्न पुनर्मुद्रणाचा येतो, आणि येथे एक सावधगिरी सुचवतो. मी प्रथम जे स्वस्त पुनर्मुद्रण मागवले ते जुन्या पानांची छायाचित्रे साफसूफ करून छापलेले होते. कागदावरचे डाग पुसण्याच्या ओघात आकड्यांवरची टिंबेही पुसली गेली होती. घोड्यांच्या उदाहरणात दुसऱ्या व्यापाऱ्याचे १०० रूपांचे कर्ज नाहीसे होऊन ती त्याची शिल्लक झाली होती, आणि त्या मांडणीवरून घोड्याची किंमत १०० ऐवजी ५० येत होती. मी ती प्रत परत केली आणि न पुसलेल्या पानांची दुसरी, थोडी महाग प्रत घेतली. कोणतीही प्रत घेण्यापूर्वी समीकरणाच्या प्रकरणातले हे एक पान उघडून, शक्य तर भिंग लावून, त्या खालच्या १०० वर टिंब आहे का एवढे पाहावे.