ऑनलाइन सुरक्षा: एक दिवसाचं व्याख्यान की दर आठवड्याला पंधरा मिनिटं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाईंनी विचारलं, मुलांना ऑनलाइन सुरक्षा शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवू की वर्गात मीच शिकवू?

खर्च दोन्हींत किरकोळ. मेहनत दुसऱ्यात जास्त, कारण बाईंना आधी स्वतः शिकावं लागतं.

खरा फरक भाषेचा. बेळगावहून आलेला पाहुणा बऱ्याचदा कन्नड-इंग्रजीत बोलतो आणि सहावीची पोरं नुसत्या माना डोलावतात. मी एकदा वर्गात विचारलं, "आजीच्या फोनवरचा ओटीपी कोण वाचून दाखवतं?" निम्मे हात वर! आजीला वाचता येत नाही, म्हणून नातवंडंच आकडे सांगतात, पलीकडे कोण आहे हे न विचारता. सभागृहात ही गोष्ट बाहेरच येत नाही.

लक्षात राहण्यातही वर्गच सरस: एका आठवड्याला पासवर्ड, पुढच्या आठवड्याला फोटो, मग लोकेशन. पण ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले की लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे पोलिसांच्या तोंडून ऐकलं की पालकही मनावर घेतात.

पाचवी ते सातवीसाठी वर्गातली पंधरा मिनिटंच घ्या. स्वतःचा फोन असलेल्या आठवी-नववीला आणि पालकसभेला तज्ज्ञ बोलवा, मात्र मराठीत बोलणारा.