'टीकप' म्हणून आलेलं पिल्लू

जुलैच्या ऐन पावसात पहाटे साडेपाचला मी नांदगाव तिठ्यावर उभा होतो. मुंबईहून आलेल्या ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने हातात बुटांचा खोका ठेवला. आत ओलसर वर्तमानपत्रावर मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू. ३५ हजार आधीच पाठवून बसलो होतो.

फोनवरचा माणूस म्हणाला होता, 'टीकप चिवावा' आहे, दहा आठवड्यांचं, पहिली लस झालेली, मोठं होऊनही किलोभरच राहील. टीकप नावाचा मान्यताप्राप्त प्रकारच नाही, हे मला नंतर कळलं. मेक्सिकोतल्या चिवावा राज्याचं नाव लागलेली ही जात मुळातच इवलीशी. अमेरिकन केनेल क्लबने कमाल वजन सहा पौंड, म्हणजे साधारण पावणेतीन किलो ठरवलंय. त्याहून लहान म्हणून जास्त पैसे मागतात, तेव्हा पिल्लू अशक्त तरी असतं, नाहीतर दुधावरचं.

आमचं दुधावरचंच होतं. दुकानाच्या काट्यावर भरलं २९० ग्रॅम. आईने पदरात घेतलं, बोटाने ओठ वर केला. पुढचे दात हिरडीतून जेमतेम टोचत होते, दाढांचा पत्ता नाही. "एवढ्याश्याक आवशीपासून कित्याक तोडल्यांनी?" ती म्हणाली.

गुरांच्या डॉक्टरांनी वय सांगितलं, फार तर पाच आठवडे. म्हणजे सोबत आलेल्या लसीच्या कार्डावरच्या तारखेला लस दिली असेल तर दोन आठवड्यांच्या पिल्लाला! कार्डावर ना बाटलीचं स्टिकर, ना डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. टाळू मऊ लागत होती, पण ती मात्र फसवणूक नव्हे; चिवावात ती पुष्कळदा उघडी असते, कधी जन्मभर.

मुलीने नाव ठेवलं मिरी. एवढ्या जिवाच्या रक्तातली साखर चटकन उतरते, थंडीही सोसत नाही. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली कुशीला ठेवून आम्ही आळीपाळीने दर दोन तासांनी भरवायचो. चौथ्या पहाटे तिने मान टाकली. हिरडीवर मध चोळला, डॉक्टरांकडे धावलो, वाचली. सहाव्या दिवशी नाही वाचली.

विकणाऱ्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो क्रमांक मागा. स्वतः जा, पिल्लू आईजवळ बघा, तोंड उघडून दात बघा. "आई दुसऱ्या गावी आहे" असं ऐकलंत तर एक रुपयाही पाठवू नका. मला हेच सांगितलं होतं, आणि मी मान्य केलं.

परवा दुसऱ्याच नंबरवरून मित्राला जाहिरात आली. हिरव्या चटईवरचा मिरीचाच फोटो, किंमत ४० हजार.