डायइलेक्ट्रिक इलास्टोमर अॅक्चुएटर सहा-सात महिने वापरून: स्पीडचं खरं काय ते

आधी निकाल सांगून टाकतो, कारण बहुतेक जण तेवढंच वाचतात. कुणाला दाखवून खूश करायचं असेल तर व्हीएचबी टेप (अॅक्रिलिकची जाड चिकटपट्टी), खरंच काहीतरी भराभर हलवायचं असेल तर सिलिकॉन. आणि दोन्ही घेण्याआधी पॉवर सप्लाय नीट बघा, माझ्या सेटअपमध्ये सगळ्यात आळशी तोच निघाला.

मी पुण्यात कॉलेजच्या लॅबमध्ये छोट्या पंपावर काम करतोय, त्यासाठी पावसाळ्याच्या आधीपासून हे अॅक्चुएटर (व्होल्टेज दिलं की हालचाल करणारे भाग) जवळपास रोज वापरात आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रबरासारखी पातळ फिल्म, दोन्ही बाजूंना लवचिक इलेक्ट्रोड (मी कार्बन ग्रीस लावतो) आणि त्यावर ४-५ हजार व्होल्ट. इलेक्ट्रोड एकमेकांना ओढतात, मधली फिल्म चेपते आणि आडवी पसरते. चार्ज केलेली रबराची पट्टी लांबते हे (क्ष-किरणवाल्या) राँटगेननी १८८० मध्येच पाहिलं होतं, पण १०० टक्क्यांच्या वर पसरणाऱ्या अॅक्रिलिकचा एसआरआयवाल्यांचा (अमेरिकेतली संशोधन संस्था) पेपर आला २००० साली, आणि तेव्हापासून जगभरची पोरं ही चिकटपट्टी ताणत बसलीयेत. हो, खरोखर चिकटपट्टीच, काचा आणि पॅनल चिकटवायला विकतात ती.

तर व्हीएचबी. १ मिलीमीटरची पट्टी दोन्ही दिशांना चौपट ताणून रिंगवर चिकटवली की साधारण ६० मायक्रॉन उरते. व्होल्टेज दिलं की काळं वर्तुळ डोळ्यासमोर फुगतं, बघणारा "अरे वा" म्हणतोच. पण मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो-मो लावा आणि वर्तुळाची कड बघा. पहिली उडी झटकन येते, मग ती कड सरकतच राहते, सेकंद जातात, मिनिटं जातात, तरी कुठे ठाम थांबत नाही आणि व्होल्टेज काढल्यावर पण पूर्ण जागेवर यायला तेवढीच खळखळ करते. १ हर्ट्झवर ठीक, १० वर नेलं की हालचाल निम्म्याच्याही खाली. हा टेपचा दोष म्हणता येणार नाही, धक्का पचवणं हेच तिचं मूळ काम, आपण तिला नाचायला लावतोय. त्यात डिसेंबरमध्ये सकाळी लॅब गार असली की तोच अॅक्चुएटर दुपारपेक्षा सरळसरळ मंद चालतो, रीडिंग जुळेनात म्हणून मी शेवटी सगळी मापं जेवणानंतर घ्यायला लागलो.

सिलिकॉनची फिल्म महाग, नाजूक, कापताना आणि चिकटवताना जीव जातो, आणि पसरते किती तर माझ्याकडे दहा-बारा टक्के. पण स्पीड! स्लो-मोमध्ये एका फ्रेमला बंद, पुढच्या फ्रेमला पूर्ण उघडं, मधलं काही दिसतच नाही (एक फ्रेम म्हणजे ४ मिलीसेकंद). म्हणून मोजायला शेजारच्या लॅबचा लेझर सेन्सर मागून आणावा लागला. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठवाल्यांनी २०१५ मध्ये सिलिकॉनची फोकस बदलणारी लेन्स दाखवली होती, ती १७५ मायक्रोसेकंदांच्या आत स्थिरावते. हार्वर्डचा तो उडणारा मऊ रोबोट पण (२०१९) असल्याच थरांच्या स्नायूंवर पंख हलवतो, सेकंदाला शेकडो वेळा. थंडीचा पण हिला फारसा फरक पडत नाही.

आता सप्लाय. माझं मॉड्यूल १२ व्होल्टवर चालून हजारो व्होल्ट देणारं, लोकल सप्लायरकडून घेतलेलं, काळ्या इपॉक्सीत बुजवलेलं. चालू करताना मस्त, बंद करताना अर्धा सेकंद रेंगाळायचं. हिशोब केला तर माझ्या अॅक्चुएटरची चार्ज साठवायची क्षमता जेमतेम २०० पिकोफॅरड, कार्बन ग्रीसचा रेझिस्टन्स १ मेगओहम धरला तरी ०.२ मिलीसेकंद, म्हणजे ग्रीस निर्दोष. चार्ज अडकत होता मॉड्यूलच्या आतल्या कपॅसिटरमध्ये, त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग आउटपुटला १०० मेगओहम समांतर लावला. साधा पाव वॉटचा रेझिस्टर २५० व्होल्टच सोसतो, म्हणून ४.७ मेगचे २२ एका माळेत, वर हीट श्रिंक. अर्ध्या सेकंदाचं ०.१ वर आलं. जोर व्होल्टेजच्या वर्गात असल्यामुळे तो त्याहून लवकर उतरतो, हा बोनस. बदल्यात ५ हजारला ५० मायक्रोअॅम्प कायम वाया जातात, छोट्या मॉड्यूलला तेवढे पण जड. सिलिकॉनचा खरा स्पीड मला या माळेनंतरच दिसायला लागला, त्याआधी मी दोन्ही फिल्म सारख्याच म्हणून मोकळा झालो होतो.

पावसाळ्यात मात्र दोघींनी रडवलं. हवा ओली, फ्रेमवरून लीकेज, मग एकदम "टक्" आणि फिल्मला टाचणीएवढं काळं भोक. एक भोक म्हणजे तो नग गेला. एसी आणि सिलिका जेलचा डबा याशिवाय जुलैमध्ये हातच लावू नका, आणि काम करताना एक हात खिशात, म्हणजे शॉक छातीतून जायला नको.

आयपीएमसीची (धातूचा थर दिलेलं ओलसर आयनिक पॉलिमर) पट्टी पण थोडे दिवस वापरली. दोन-तीन व्होल्टवर वाकते ही मोठी सोय, पण डीसी दिला की वाकून हळूहळू परत उलटी सरकते आणि हवेत ठेवली की वाळते. पाण्यातला मासा करायचा असेल तर बघा, माझ्या पंपाला नाही चालली.

पुढचा प्लॅन म्हणजे ती माळ काढून डिस्चार्जला हाय व्होल्टेज ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालू-बंद होणारे स्विच) लावायचे, म्हणजे बंद करतानाच तेवढी वाट उघडेल. १० केव्हीवाले सुटे दोन-चार नग भारतात कुठे मिळतात कुणाला माहीत असेल तर सांगा, बाहेरून मागवायला कस्टमचं लफडं नको वाटतं.