बोटीतून मुंबई बंदर : एका सातारकराचा अभिप्राय

साताऱ्याच्या माणसाला बोटीचे तसे अप्रूप नसते. कास ओलांडून बामणोलीला उतरले की कोयनेच्या शिवसागर जलाशयातून वासोट्याच्या पायथ्याशी लाँचनेच जावे लागते, आणि तो दीडेक तासाचा प्रवास आमच्या घरात बहुतेकांनी केलेला आहे. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात आई, भाचा आणि मी मुंबई बंदर पाण्यावरून पाहण्यासाठी दोन दिवस राखून ठेवले, तेव्हा मनातल्या मनात तुलना बामणोलीशीच होत राहिली.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून आम्ही थेट गेटवे ऑफ इंडिया गाठले. तिथे सर्वात आधी गळ्यात पडते ती ‘बंदराची फेरी’. तिकीट देणाऱ्याने तासाभराची म्हणून सांगितलेली ही फेरी माझ्या घड्याळात पस्तीस मिनिटांत आटोपली. लाँच थोडी आत गेली, वळली आणि धक्क्याला परत लागली. लहान मुलांची हौस भागते, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल.

खरी पाहण्यासारखी आहे ती घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची लाँच. लाकडी, दुमजली, डिझेलचा वास येणारी आणि मुळीच घाई नसलेली. धक्क्याला एकीला एक खेटून चार लाँच बांधलेल्या होत्या आणि आमची चौथी होती, म्हणजे तीन बोटींच्या कठड्यांवरून पाय टाकत जायचे. आई दुसऱ्या बोटीवर थबकली तेव्हा खलाशाने हात पुढे केला आणि म्हणाला, “आजी, पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा.” दोन बोटी एकमेकींपासून वीतभर लांब जाऊन पुन्हा जुन्या टायरांवर आदळत होत्या, त्या आदळण्याचा नेमका क्षण साधून त्याने तिला अलगद पलीकडे घेतले. गुडघे दुखणाऱ्या माणसाने मात्र हा प्रकार आधीच विचारात घ्यावा. लाइफ जॅकेट चढतानाच हातात दिले गेले आणि ते घातल्याची खात्री करून मगच दोर सोडला. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून जीव गेले होते, ते आठवून ही सक्ती कोणालाच जाचक वाटली नाही.

वरच्या मजल्यासाठी थोडे पैसे जास्त पडतात; ते जरूर द्यावेत आणि जाताना डाव्या हाताला बसावे. गेटवेचे तोंड समुद्राकडे आहे, म्हणजे जमिनीवरून येणारे आपण १९२४ साली खुल्या झालेल्या या कमानीकडे पाठीमागूनच जात असतो. सकाळी नऊ-साडेनऊच्या लाँचमधून मागे वळून पाहिले की पूर्वेचे ऊन तिच्या पिवळसर बेसाल्टवर पडलेले असते, आणि शेजारी तिच्याहून एकवीस वर्षांनी जुने असलेले ताजमहाल हॉटेल. संध्याकाळी परतताना याच दोन्ही इमारती नुसत्या काळ्या आकृत्या होतात, म्हणून जाण्याची वेळ महत्त्वाची. पुढे नौदलाच्या गोदीतील युद्धनौका, नांगरलेली तेलवाहू जहाजे, बुचर बेटावरचे तेलाचे धक्के, उत्तरेला अटल सेतूची बारीक रेघ असे एकेक उलगडत तासाभरात बेट येते. लेण्यांविषयी इथे लिहीत नाही. सोमवारी ती बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो बोट घेतली. ज्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला त्या भाऊंचे आडनाव अजिंक्य होते, हे कळल्यावर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या आईला धक्का एकदम घरचा वाटू लागला. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मोटारीही बोटीत चढतात, पाय घसरण्याची भीती नाही, बसायला वातानुकूलित दालन आहे, आणि गेटवेवरच्या मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात तेव्हाही हवामान ठीक असेल तर ही चालते. पण तिचा खरा गुण वेगळाच आहे. ती माझगावहून निघून दक्षिणेकडे जात असल्यामुळे १९१४ सालची अलेक्झांड्रा, म्हणजे आताची इंदिरा गोदी, बॅलार्ड पिअर, नौदलाची गोदी, गेटवे आणि कुलाबा अशी शहराची अख्खी पूर्व बाजू ओळीने समोरून सरकते. बहुतेक प्रवासी मात्र थंड दालनात मोबाईलमध्ये मान घालून बसले होते. आम्ही तिघे बाहेर कठड्याशी उभे होतो.

या दोन्ही बोटींबद्दल माझी तक्रार एकच, पण ती मोठी आहे. काय दिसते आहे, हे सांगणारे कोणी नाही. ज्या कान्होजी आंग्र्यांना १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या बाजूला आणले आणि ज्यांनी मुंबईकर इंग्रजांना जेरीस आणले, त्यांचेच नाव आज इथल्या नौदल तळाला आहे. ते भाच्याला मी सांगितले म्हणून कळले. बामणोलीचा बोटवाला इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून पाण्याखाली गेलेली गावे बोटाने दाखवतो, कोणाचे देऊळ कुठे होते तेही सांगतो. मुंबईत एवढे भरगच्च बंदर शेजारून जात असताना लाँचच्या भोंग्यावर फक्त चिप्स आणि पाण्याच्या बाटल्यांची जाहिरात ऐकू आली.

एकच फेरी करता येणार असेल तर घारापुरीची लाँच घ्यावी. बरोबर वयस्कर माणसे असतील तर रो-रो. परतीच्या लाँचसाठी बेटावर संध्याकाळी रांग लागते, तेव्हा शेवटच्या बोटीवर विसंबू नये. आम्ही विसंबलो आणि वरच्या मजल्याचे पैसे भरूनही तासभर उभ्याने आलो.