बाबांची तपासणी: घरपोच पॅकेज की मेडिकलची ओपीडी?

घरी येऊन रक्त नेणारं लॅबचं पॅकेज सोयीचं, यात वाद नाही. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत बाबांना मेडिकल चौकातल्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे ‘मेडिकल’ला, कोण नेणार? पण त्या आकड्यांच्या गर्दीत पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित रक्तातला आकडा) नुसता छापून येतो. लघवीच्या संसर्गानं, साध्या प्रोस्टेटवाढीनंही तो चढतो. ठळक अक्षर दिसलं की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू! सत्तरीनंतर तर तो सरसकट करण्याची गरजही नसते.

मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत रांग, चिठ्ठी, अर्धा दिवस गेलाच समजा. मात्र समोर डॉक्टर असतो. रात्री लघवीला किती वेळा उठता, उभं राहिल्यावर चक्कर येते का, बिडी किती वर्षं ओढली, हे तो विचारू शकतो. बिडी ओढलेल्यांना ६५ ते ७५ या वयात पोटातल्या महाधमनीची, ती फुगली आहे का हे बघायला, एकदा सोनोग्राफी सुचवतात. रक्ताच्या नमुन्यात ते कुठून कळणार?

माझा कौल: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर; उपाशी राहायची गरज नाही), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) घरी, आणि ते कागद घेऊन ओपीडी. शक्यतो थंडीत. आयुष्मान कार्ड सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळतं खरं, पण ते भरती झाल्यावर कामाचं.