डीटीपीसाठी घेतलेला एन१०० वाला मिनी पीसी, सहा महिने वापरून

लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं, लग्नपत्रिका, वर्गणीची पावती पुस्तकं, श्रावणात सत्यनारायणाच्या पत्रिका आणि गणपतीच्या आधी दोन महिने तर जेवायलाही उठता येत नाही. जुना कॉम्प्युटर म्हणजे २००८ साली असेंबल केलेला कोअर टू क्वाड क्यू६६००, वेगळं ग्राफिक्स कार्ड, दोन हार्ड डिस्क. त्याने इमानदारीत काम दिलं, पण मे महिन्यात टेबलाखाली पाय ठेवला की कॅबिनेटच्या मागून येणारी गरम हवा पोटरीला भाजायची.

दिवाळीनंतर लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने जेवणाच्या डब्याएवढी एक काळी डबी समोर ठेवली आणि म्हणाला ताई, इंटेलचा एन१०० आहे, सहा वॉटचा प्रोसेसर. माझा जुना प्रोसेसर १०५ वॉटचा, त्यामुळे पहिला विचार हाच आला की हा कोरलड्रॉ, म्हणजे मी पत्रिका ज्यात बनवते ते सॉफ्टवेअर, काय उघडणार. दुकानात माझीच ऐंशी पानांची स्मरणिका पेनड्राइव्हवरून उघडून पीडीएफ काढली, घरी चार मिनिटं लागायची ती दीड मिनिटात झाली. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीसकट साडेसोळा हजारांना घेतला.

घरी आल्यावर वीज मोजायचा मीटर प्लगला लावून दोन्ही मशिन तपासल्या कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. जुनी नुसती डेस्कटॉप उघडून बसली तरी ११५ वॉट, पीडीएफ काढताना १७० च्या वर. नवी बसल्या जागी ८, आणि सगळा जोर लावला तरी २२. मॉनिटरची वीज दोन्हीकडे धरलेली नाही. दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस आणि मधूनमधून पडणारा जोर धरला तर जुनीचे बत्तीस युनिट होतात आणि नवीचे तीन. ११५ वॉट म्हणजे साधारण एक माणूस शांत बसल्यावर अंगातून जेवढी उष्णता टाकतो तेवढी, म्हणजे इतकी वर्षं या खोलीत एक जास्तीचा माणूस बसून होता असं म्हणा.

मग प्रश्न पडला की काम जास्त आणि वीज एवढी कमी, हे होतं कसं. भाचा चिप डिझाइनमध्ये आहे, त्याने आमच्याच चाळीच्या पाण्याच्या टाकीवरून समजावलं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. चिपमध्ये कोट्यवधी स्विच असतात आणि प्रत्येक स्विच म्हणजे एक बारीकसं पिंप, चालू करताना ते विजेने भरायचं, बंद करताना ओतून टाकायचं, सेकंदाला कोट्यवधी वेळा. स्विच लहान केला की पिंप लहान होतं, भरायला कमी लागतं. पण खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. व्होल्टेज म्हणजे पिंपात पाणी किती उंचीपर्यंत भरायचं ते, उंच भरलं तर पाणीही जास्त लागतं आणि ते वर चढवायलाही जास्त जोर लागतो, दोन्हीकडून मार. म्हणून व्होल्टेज निम्मं केलं की वीज निम्मी नाही, पाव होते. नव्वदच्या सुरुवातीला ४८६ प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे, माझा क्यू६६०० सव्वा व्होल्टच्या आसपास, आजचे साधारण एक किंवा त्याच्याही खाली. ५ वरून १ म्हणजे पिंपामागे पंचविसावा हिस्सा!

स्विच लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करायचं, हे गणित आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं आणि तीसेक वर्षं ते बरोबर चाललं. २००५ च्या सुमारास अडलं, कारण स्विच इतके बारीक झाले की बंद असतानाही गळायला लागले. गळका नळ काय असतो हे मुंबईत कुणाला सांगायला नको, थेंब थेंब करत सकाळपर्यंत बादली जाते. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरचे शेवटचे मॉडेल जे तापायचे त्यात या गळतीचा मोठा वाटा होता. मग स्विचचा आकारच बदलला. आधी रबरी पाइपवर वरून नुसता अंगठा दाबल्यासारखं होतं, आता तीन बाजूंनी मुठीत आवळतात, इंटेलने हे २०१२ पासून २२ नॅनोमीटरच्या चिपमध्ये आणलं. आणि जो भाग लागत नाही त्याची वीजच तोडून टाकतात. मी एक अक्षर टाइप करून दुसऱ्या अक्षराकडे बोट नेते तेवढ्यात ही मशिन झोपून उठते, जुनीला मात्र एवढी गाढ झोप कधी जमलीच नाही. ८ वॉटचं खरं कारण हे आहे.

व्हिडिओचं पण तसंच. यूट्यूबवर ट्यूटोरियल लावलं की जुन्या मशिनचे चारही कोअर धावायचे, नव्यात त्या कामापुरतं वेगळं सर्किट आहे, प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो.

आपल्या मुंबईतच कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला, भारतात बनवलेला कॉम्प्युटर, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, म्हणजे स्विचच्या जागी दिव्यासारख्या काचेच्या नळ्या. ट्यूबला काम करायच्या आधी आतली तार तापवावी लागते, म्हणजे हिशेब सुरू व्हायच्या आधीच वीज गेली. तिथून ही डबी, मला तर भरून आलं विचार करून.

नवीन म्हणजे कमी वीज असं सरसकट धरू नका मात्र. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॉटचं आहे. कामामागे वीज कमी झाली, पण गेम खेळणाऱ्याने कामच पन्नास पट मागितलं तर बिल येणारच.

आता तक्रारी. रॅमचा स्लॉट एकच आहे, तेव्हा पहिल्यांदाच १६ जीबी घ्या, नंतर आधीची काढून टाकावी लागेल. पंखा लहान असल्यामुळे जोर पडला की बारीक शिटीसारखा आवाज येतो, रात्री शांततेत तो खटकतो. मोठा फ्लेक्स, पंधरा बाय दहा फुटी वगैरे, भरपूर फोटो टाकून केला की मशिन अडकते, ते काम असेल तर वरचं मॉडेल बघा. ब्लूटूथ माउस अधूनमधून अडकायचा, शेवटी वायरचा लावला. ॲडॉप्टर १२ व्होल्ट ३ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त ३६ वॉट, तो जरा गरम होतो पण हात लावता येतो.

सगळ्यात जास्त समाधान यूपीएसचं आहे. तोच जुना ६०० व्हीएचा यूपीएस, आधी लाइट गेली की बारा मिनिटांत बोंबलायचा आणि मी धावत फाइल सेव्ह करायचे. गेल्या महिन्यात संध्याकाळी लाइट गेली, समोर नवऱ्या मुलाचे वडील बसलेले, त्यांना पत्रिकेत तिन्ही आत्यांची नावं एकाच ओळीत हवी होती. पाऊण तास त्या अंधारात बसून आम्ही ती ओळ बसवली, प्रूफ त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि यूपीएस अजून चालूच होता.